तुझं नाव त्या अंगणात

अबू धाबी
२८ एप्रिल २०२५

चि. मुग्धा,

'अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं, ते खोडलं. जिच्याशी अडीच वर्षं बोललो नाही, तिला आशीर्वाद द्यायचा हक्क बापाला उरतो का, हे मला ठरवता येईना.

पत्र हातानं लिहितोय, कारण माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस आणि आता तर तुझा फोनच बंद आहे. हे पाकीट राहुलमामाकडे पुण्याला कुरियर करतोय. तो तुझ्या आर्मीच्या पत्त्यावर टाकेल. कधी पोचेल, पोचेल की नाही, देव जाणे.

आईला तुझा शेवटचा मेसेज गुरुवारी आला. 'मूव्हिंग. फोन विल बी ऑफ. डोन्ट वरी.' पहलगामची बातमी येऊन दोन दिवस झाले होते. तेव्हापासून आई फोन घेऊनच बाथरूमला जाते. मी विचारलं की म्हणते, तुम्हाला काय करायचंय, तुम्ही तर तिला आर्मीत जाऊच देत नव्हतात.

ऑफिसात युनूस आहे, तुला आठवत असेल. तू शाळेत होतीस तेव्हा दर ईदला आपल्याकडे शीरखुर्मा यायचा त्याच्याकडून. सियालकोटचा. अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातोय. गेल्या आठवड्यापासून तो आपल्या जागेवरच खातो. आमच्यात वाकडा शब्द गेलेला नाही. लिफ्टमध्ये भेटलो की दोघंही मजल्याचे आकडे बघतो. त्याची आई सियालकोटला आहे, बॉर्डरपासून जवळ. तू कुठे आहेस ते मला माहीत नाही. तू कुठल्या बाजूला तोंड करून उभी असशील एवढं मात्र कळतं, आणि त्यालाही कळतं.

मला एकच सांगायचंय, की तू गेलीस तेव्हा मी जे बोललो ते रागानं बोललो. त्या वर्षी पासपोर्टचा घोळ झाला नसता तर आपल्यात इतकं ताणलंच नसतं, असं मला अजून वाटतं. ज्याची चूक होती त्यानं ती भोगली. जाऊ दे.

सहा तारखेला मी जपानला जातोय. तिथल्या फॅक्टरीत आमच्या प्रोजेक्टचे पंप तयार आहेत, त्यांची तपासणी आहे. अकराला परत. तब्येतीला जप. जमलं तर आईला एक ओळ टाक. मला नको.

बाबा


अबू धाबी
१२ मे २०२५

चि. मुग्धा,

हे पत्र जरा लांबेल. जे झालं ते आईला सांगितलेलं नाही, आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सात तारखेच्या सकाळी मी जपानमधल्या त्या छोट्या शहरातल्या हॉटेलात नाश्त्याला बसलो होतो. फोन उघडला आणि बातमी दिसली, हल्ले सुरू झाल्याची. समोर भात होता, मासा होता, तसंच टाकून उठलो. पुढचे दोन दिवस मी फॅक्टरीत काय केलं ते मला नीट आठवत नाही. पंपाचं प्रेशर मोजत होतो आणि खिशातला फोन थरथरला की हात थांबत होता. ड्रोन, ब्लॅकआउट, सायरन. प्रत्येक बातमीत मी तुला शोधत होतो आणि तू सापडशील म्हणून घाबरत होतो. एका पंपाच्या कागदावर मी दुसऱ्याच पंपाचे आकडे लिहिले.

तिथल्या क्वालिटीचा मुख्य ओकादा म्हणून आहे. साठीचा, फार सभ्य माणूस. त्यानं चूक बघितली, कागद बदलून आणला, आणि हळूच विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी सांगून टाकलं की मुलगी आर्मीत आहे. आणि विचारलं, इथे जवळ एखादं देऊळ आहे का? कुठलंही चालेल.

तो म्हणाला, "आर्मी? मग मी तुम्हाला योग्य ठिकाणी नेतो."

शुक्रवारी काम आटपल्यावर नेलं. डोंगराच्या पायथ्याशी मोठं अंगण, पांढरी खडी, दगडी कमान. आत गर्दी नव्हती. ओकादानं दाखवलं तसं मी लाकडी पळीनं दोन्ही हात धुतले, चूळ भरली. मग दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं. मूर्ती दिसत नव्हती, नुसता पडदा आणि अंधार. मी डोळे मिटून म्हटलं, देवा, माझी मुलगी तुझ्या पदरात घालतो. तिला आपली मान.

हेच शब्द. अगदी हेच.

बाजूला छोट्या लाकडी पाट्या मिळतात. त्यावर मागणं लिहून तिथल्याच एका चौकटीला टांगायच्या. मी एक घेतली आणि देवनागरीत लिहिलं: लेफ्टनंट मुग्धा राजन देवस्थळी. सुखरूप. आणि टांगली. मला फार बरं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं.

परत निघताना मी ओकादाला सहज विचारलं, इथला देव कोण? नाव काय त्याचं?

तो म्हणाला, "एक नाही. पुष्कळ. या प्रांतातून लढाईला गेलेले आणि परत न आलेले सगळे सैनिक. तेच इथले देव. आता ते देशाचं रक्षण करतात." मग आतल्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, "माझे मोठे काकाही आहेत. बावीस वर्षांचे होते."

मुग्धा, मी काय केलं होतं? मेलेल्या पोरांच्या पुढ्यात जाऊन मी माझी मुलगी त्यांच्या पदरात घातली होती. तिला आपली मान, असं त्यांना सांगून आलो होतो. आणि नाव, हुद्दा, सगळं लिहून टांगलं होतं, म्हणजे चुकायलाही नको. तू हसशील. तू लहानपणापासून असल्या गोष्टींना हसतेस आणि मीही शिकलेला माणूस आहे. पण त्या वेळी मला हुडहुडी भरली. ओकादाला सांगायची सोय नव्हती. त्यानं किती आपुलकीनं नेलं होतं. मी थँक्यू म्हटलं आणि गाडीत बसलो.

बाजूच्या दालनात त्या मुलांचे फोटो लावले होते, ते जाता जाता काचेतून दिसले. कोणाला नीट मिशीही फुटलेली नव्हती.

शनिवारी सकाळी, स्टेशनला जायच्या आधी, मी एकटा टॅक्सी करून पुन्हा तिथे गेलो. ती पाटी काढून आणायची होती. चौकटीवर शेकडो पाट्या, त्यात देवनागरी एकच, लगेच सापडली. दोरी सोडवत होतो तर मागून आवाज आला. एक म्हातारी बाई. हातात फुलं. मी तिथलं काही चोरतोय असं तिला वाटलं असावं. मी चोरासारखाच दिसत असणार. खुणा करून मी सांगितलं, माझीच आहे. तिला ते पटेना. मग तिनं तिचा फोन काढला. ती जपानीत बोलायची, फोन ते हिंदीत बोलून दाखवायचा. मी हिंदीत बोलायचो, फोन तिला सांगायचा.

मी खरं सांगितलं. मुलगी सैनिक आहे, जिवंत आहे, मी चुकून तिचं नाव इथे टांगलं.

ती हसली. म्हणाली, बघा तरी बाकीच्या पाट्या, परीक्षा, नोकरी, बाळंतपण, सगळी जिवंतांचीच नावं आहेत. तिच्या नातवाचंही आहे. तो गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला लागला. मग तिनं मला बाकावर बसवलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. तिचा थोरला भाऊ या देवांमध्ये आहे, एकोणीस वर्षांचा, बोटीबरोबर बुडाला.

तिनं जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं सांगतो. भावाची पत्रं यायची, त्यात असायचं, मी मजेत आहे, पोटभर जेवतो. ते खोटं होतं. आई त्याला लिहायची, घर ठीक आहे, तुझी खोली तशीच आहे. तेही खोटं. बॉम्बहल्ल्यात घर जळून गेलं होतं आणि या दोघी नातेवाइकांच्या गोठ्यात राहत होत्या. युद्ध संपलं, भाऊ आला नाही. मग आई मरेपर्यंत दर महिन्याला इथे यायची आणि आत तोंड करून सांगायची, घर जळालं रे. "मी आईला म्हणायचे, तो देव झालाय, त्याला सगळं माहीत असेल. आई म्हणायची, असेल. पण ते त्याला माझ्या तोंडून कळायला हवं होतं, तो असताना."

एवढं बोलून म्हातारी उठली, माझ्या हातातून पाटी घेतली आणि नीट गाठ मारून पुन्हा टांगली. तिच्या मते ती मला मदत करत होती. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी नेहमी असंच करतो. स्टेशनवर, विमानतळावर, विमानात, अकरा तास, माझ्या डोळ्यांपुढे एकच. तुझं नाव तिथे आहे, आणि ती पोरं ते वाचतायत.

अबू धाबीला उतरून फोन चालू केला तर युनूसचा मेसेज होता. "राजनभाई, बंद हो गया. खलास. अम्मी ठीक हैं. बिटिया का कुछ पता चला?"

नाही कळलेलं. आजही नाही.

बाबा


अबू धाबी
१७ मे २०२५

मुग्धा,

लढाई थांबून आठवडा झाला आणि तुझा फोन बंदच आहे. आईनं तुझ्या आर्मीतल्या मैत्रिणीच्या आईला फोन केला, तिलाही काही माहीत नाही. बातमी नाही म्हणजे चांगली बातमी, असं सगळे सांगतात. मला त्या म्हातारीची आई दिसते. म्हणून हे आज लिहितोय. थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही.

ऑक्टोबर २०२१. तुझं सिलेक्शन झालं होतं, मेडिकल झालं होतं, चेन्नईला ट्रेनिंगला हजर व्हायची तारीख आली होती. तू महिनाभर आमच्याकडे राहायला आली होतीस आणि व्हिसा रिन्यू करायला म्हणून पासपोर्ट मी ऑफिसात नेला. मोहिद्दीनकडे दिला. आमच्या कंपनीची सगळी सरकारी कागदपत्रं तोच करायचा. तुला सांगितलं गेलं की पासपोर्ट इमिग्रेशनमध्ये अडकलाय. तारीख गेली. तुझी जागा गेली. तू वर्षभर पुन्हा सगळं केलंस आणि पुढच्या वर्षी मला न सांगता पुण्याहून गेलीस.

पासपोर्ट अडकला नव्हता. चार दिवसांत मोहिद्दीननं व्हिसा लावून माझ्या हातात दिला होता. मी तो ऑफिसातल्या माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि एकोणीस दिवस किल्ली खिशात घेऊन फिरलो. रोज घरी येऊन तुला सांगत होतो, आज झालं नाही, उद्या नक्की. तू दारात उभी असायचीस.

मोहिद्दीनला मी एवढंच म्हटलं होतं, मुलीचा फोन आला तर इमिग्रेशनमध्ये आहे म्हण. तो कासारगोडचा साधा माणूस. त्यालाही मुली होत्या. दोन-चार दिवसांची गोष्ट असेल असं त्याला वाटलं. त्यानं खूप वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ठीक है साहब.

मग तू चिडून एचआरला मेल टाकलीस की तुमच्या माणसानं माझा पासपोर्ट दाबून ठेवला. इथे ते किती गंभीर असतं ते तुला माहीत होतं आणि तुझं बरोबरच होतं. एचआरनं आम्हा दोघांना बोलावलं. मॅनेजरनं विचारलं, पासपोर्ट कुणाकडे होता? मी खाली बघत होतो. मोहिद्दीन माझ्याकडे बघत होता, ते मला न बघताही कळत होतं. तो मी बोलायची वाट बघत होता. मग तो म्हणाला, "मुझसे देर हो गई."

त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्यांनी पुढे वाढवलं नाही. सतरा वर्षं झाली होती त्याला. जाताना तो मला भेटायला माझ्या टेबलाशी आला होता. मी टॉयलेटमध्ये जाऊन बसलो.

मी घाबरलो होतो. तू मरशील याला घाबरलो म्हणून पासपोर्ट लपवला, नोकरी जाईल याला घाबरलो म्हणून गप्प बसलो, आणि तुला कळेल याला घाबरलो म्हणून उलट तुझ्यावरच चिडत राहिलो. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ज्याची चूक होती त्यानं भोगली. ते वाक्य वाचलं असशील तर विसरू नकोस. तुझा बाप कसा आहे ते त्यावरून कळेल.

राजन


अबू धाबी
२५ मे २०२५

मुग्धा,

बुधवारी दुपारी तुझा आईला फोन आला. मी सोफ्यावर होतो. आईनं नुसतं "हं... हं..." केलं आणि ती खाली फरशीवरच बसली. तू ठीक आहेस. आवाज बसलाय, वजन कमी झालंय, पण ठीक आहेस. मी बाल्कनीत जाऊन रडलो. समोरच्या टॉवरमधली एक बाई कपडे वाळत घालताना बघत होती, तिनं तोंड फिरवलं.

आता पुढचं ऐक. अर्ध्या तासात मी डोळे पुसले आणि राहुलमामाला फोन लावला. तिसरं पाकीट टाकलंस का, विचारलं. तो म्हणाला, कालच आलंय, उद्या टाकतो. मी म्हटलं, नको टाकूस, जरा थांब.

तू जिवंत आहेस म्हटल्यावर मला पुन्हा माझीच काळजी वाटायला लागली. इतक्या लवकर.

आई दारात उभी होती. तिनं विचारलं, काय नको टाकूस? मी तिलाही सगळं सांगितलं, कारण आता खोटं रचायचीही ताकद नव्हती. ती एवढंच म्हणाली की तीन वर्षं मी त्या मोहिद्दीनला शिव्या दिल्या, देवापुढे बसून दिल्या. तिनं स्वतः राहुलला फोन लावला आणि सांगितलं, आजच्या आज टाक.

तेव्हापासून ती खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे झोपायला जाते. सकाळी येते, डबा करते, जाते.

राजन


अबू धाबी
१५ जून २०२५

मुग्धा,

तुझा मेसेज मंगळवारी आला. अडीच वर्षांनी तुझं नाव माझ्या स्क्रीनवर दिसलं आणि मला उघडायला अर्धा तास लागला. एकच ओळ होती. 'सेंड मी मोहिद्दीन अंकल्स नंबर.'

माझ्याकडे नंबर नव्हता. तो गेला त्याच दिवशी मी डिलीट केला होता. ऑफिसात विचारायचं तर कशाला हवाय ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी आधी तेच केलं. बुधवारी एचआरला लिहून दिलं, तीन पानं, सही करून. वाचून मॅनेजरचा चेहरा कसा झाला ते सांगत नाही. निर्णय होईपर्यंत त्यांनी मला घरी बसायला सांगितलंय. नोकरी राहील असं वाटत नाही, आणि नोकरी गेली की व्हिसाही गेला. तेवीस वर्षांनी पुण्याला. आईला सांगितलं. ती म्हणाली, बरं. पण त्या दिवसापासून घरीच झोपते.

युनूस लिफ्टपर्यंत सोडायला आला. त्यानंच शोधून काढलं की मोहिद्दीन शारजात आहे, रोल्ला भागात एका टायपिंग सेंटरमध्ये लोकांचे व्हिसाचे फॉर्म भरतो.

शनिवारी गेलो. बसमधून उतरून ते दुकान सापडेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. दोनदा दारावरून पुढे गेलो. काचेतून तो दिसत होता. केस सगळे पांढरे झालेत, चष्मा जाड झालाय. समोर एक बांगलादेशी मजूर बसला होता, मोहिद्दीन त्याला विचारून विचारून टाइप करत होता. मी रांगेत बसलो. माझा नंबर आला तेव्हा त्यानं मान वर न करताच म्हटलं, पासपोर्ट?

मग वर बघितलं.

मी काय बोललो ते नीट आठवत नाही. उभ्यानं बोलत होतो, लोक बघत होते. माफी मागितली, एचआरला लिहून दिल्याचं सांगितलं, तुझी ओळ दाखवली. तो शांतपणे ऐकत होता. रागावलाही नाही, उठून जवळही आला नाही. मला वाटलं होतं, दोन्हींपैकी काहीतरी एक करील. सरतेशेवटी त्यानं विचारलं की बिटिया लढाईत होती का? मी हो म्हटलं. त्यानं विचारलं, आता फोन चालू आहे? मी हो म्हटलं.

"तो नंबर क्या भेजना है," तो म्हणाला. "लगाइए."

त्याच्या फोनवरून लावला. तू त्याच्याशी काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. मला फक्त तो दिसत होता. 'नहीं बेटा.' 'नहीं, तुम्हारी क्या गलती.' 'घर पे सब ठीक, छोटी की शादी हो गई.' मध्येच त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मागे रांग वाढत होती आणि कोणी घाई करत नव्हतं.

मग तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि फोनवर हात न ठेवता मला सांगितलं, "पूछ रही है, आप यहीं हैं क्या."

मी मान हलवली.

"हाँ, यहीं हैं," तो तुला म्हणाला. तू पुढे काहीतरी विचारलंस. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा मला सांभाळून घेणार. तसं तो एकदा बोलला होता, मॅनेजरसमोर. पण या वेळी तो खरं बोलला.

"हाँ बेटा," तो म्हणाला. "बहुत डरे हुए हैं."

त्यावर तू काहीच बोलली नसावीस, कारण तोही गप्प होता. पण तू फोन ठेवला नाहीस. मोहिद्दीननं तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मी तुझं नाव घेतलं. तू लहानपणापासून मला अरे-तुरे करत आलीस. काल तू म्हणालीस, "बोला. ऐकतेय."

राजन